चहा येईपर्यंत

तीन दिवस जुनी डिस्क टिकटिकत होती,
पाल चुकचुकावी तशी. मी लक्ष दिलं नाही,
लग्नसराई होती.
चौथ्या दिवशी काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ.

मोईझनं डिस्क कानाला लावली,
कलिंगड वाजवून बघतात तशी,
"मॅडम, ये तो गई. अब कितना बी करो, नै उठती."
नवी बसवून दिली, खारीच्या तुकड्याएवढी.
हिला आवाजच नाही.
"सिस्टीम आप डालो, मेरेकू देगलूर जाना है."
पेनड्राइव्ह ठेवला, गेला.

बारा स्क्रू काढले होते, अकरा बसले.
बारावा मी नमुन्याच्या पत्रिकेवर ठेवला,
चि. सौ. कां. च्या टिंबांशेजारी.
तोही त्यातलाच दिसायला लागला.

सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का?
कोऱ्या डिस्कवर पुसायला होतं काय?
तरी बोट थबकलं.
अकरा वर्षांच्या पत्रिका, हेर, वाढवणा, जळकोट.
बिरादारांच्या तीन मुली, तिघींचे मांडव,
आणि त्याच घरचं गंधमुक्तीचं कार्ड,
सोयऱ्यांची नावं पुन्हा टाइप करायला नकोत म्हणून
धाकटीच्या लग्नाच्या फाइलीतून उचललेली.
मानाचा क्रम तोच ठेवला होता.
फक्त आशीर्वादाची ओळ काढली.

हो म्हटलं.

चौसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
बॅटरी तर केव्हाचीच मेलेली.
समोरच्या चक्कीचा पट्टा फटफटत थांबला,
शिवराजअप्पा पिठानं पांढऱ्या भुवया घेऊन दारात,
"काय करलालाव मॅडम?"
काही नाही अप्पा, पुन्हा पहिल्यापासून.
"मंग दळणासारखंच की. अर्ध्यात थांबलं का जात्यात अडकतंय."

पाऊण तासानं लाइट. पुन्हा शून्य टक्के.
भाषा? मराठी.
वेळ कुठली? यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली.
उदगीर नाही.
त्या चौघांच्या वेळेत आपलंही भागतं.

मग कोपऱ्यात तारीख उगवली:
एक जानेवारी दोन हजार नऊ,
रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं.
बाहेर भर दुपार.
आतला बटणसेल संपला असणार.

दोन हजार नवात हे दुकान नव्हतं.
मी बिदर रोडला गुणवंतसरांकडे, पानाला सहा रुपये.
अनुस्वार राहिला की सर पट्टीनं टेबल वाजवायचे.
ओरडायचे नाहीत. टेबलालाच लागायचं जे काय ते.
तेव्हा होते सर.

मी तारीख लगेच बदलली नाही.
चहा सांगितला होता, तो येईपर्यंत
राहू दिलं दोन हजार नऊ.

वायफाय लागलं तसं मला न विचारता
त्यानं सगळी वर्षं एका उडीत ओलांडली.
चहावर साय धरली होती.

ड्रॉवरमधल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर एक पत्रिका सापडली.
उघडली तर श्रीगणेशाच्या जागी कंस, टक्के, उलटी स्वल्पविरामं,
वधूपित्याच्या जागी रिकामे चौकोन.
माणसं गेलेली नव्हती, फॉन्ट नव्हता.
फॉन्ट टाकला, आणि चौकोनाचौकोनातून
एकेक जण बाहेर आला, थेट मामांपर्यंत.
तिसऱ्या ओळीत अनुस्वार राहिलेला.
चारशे प्रती गेल्या तशाच, कुणी बोललं नाही.

नखानं टेबल वाजवलं. दुरुस्त केलं.
आता कोण छापणार ती?
नवरी मागच्या महिन्यात येऊन गेली,
पोराच्या शाळेचा बोनाफाइड स्कॅन करायला.
तरी सेव्ह केलं.
नव्या डिस्कवरची पहिली फाइल.

संध्याकाळी मोईझचा फोन.
"हो गया क्या? एक स्क्रू बचा होगा."
हौ, म्हटलं.
"रख लो. कामकू आता."