पोचपावती

कोर्टाबाहेरच्या निंबाखाली लोटनभाऊंनी टाइप केलं:
मी, सुपडू दगा बडगुजर,
कूलर-मोटार वाइंडिंग, गल्ली नंबर पाच, धुळे,
आपल्या कर्जमुक्ती योजनेतून बाहेर पडत आहे.
‘बाहेर’मधला ह अडकला, दोनदा ठोकावा लागला.
दगा हे माझ्या बापाचं नाव. लोटनभाऊ हसले नाहीत.

अकरा महिने, साडेतीन हजार.
“हप्ते थांबवा, बँकेशी आम्ही बोलतो.”
बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली:
कुणीच बोललं नव्हतं.
व्याज तेवढं बोलत होतं.

सोडायची वाट करारातच होती,
सहाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात:
लेखी, तीस दिवस आधी.
केसाएवढी तार मला उघड्या डोळ्यांनी दिसते,
सही करताना मात्र चष्मा खिशातच राहिला.

पत्र रजिस्टरनं गेलं.
खात्यातून आपोआप कापायची परवानगी रद्द.
तिसऱ्या दिवशी फोन, आवाज गुळाचा:
“त्यांच्यातून सोडवतो साहेब, फक्त पाच हजार,
आणि मोबाईलवर आलेला आकडा सांगा.”
ही दुसरी टोळी, पहिलीच्या उष्ट्यावर जगणारी.
फोन कमलनं ओढून घेतला:
“तुनं नाव सांग. हाफीसना पत्ता सांग. मंग बोलूत.”
पलीकडे पंख्याची घरघर.
मग तीही नाही.

नवव्या दिवशी पोचपावती आली,
शिक्का पुसट,
सही म्हणजे जळक्या कॉइलचं वेटोळं.
तांब्याच्या तारेच्या डब्यात ठेवली.

कर्ज आहे तेवढंच. थोडं जास्तच.
सोमवारी मॅडमकडे जाईन, स्वतः.
आधी देवपूरचा हा कूलर,
चैत्र लागलाय, गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं.