एकाच काळजाची

आमच्या भाषेत सख्ख्या नातलगाला म्हणतात
एकाच काळजाचा.
काळीज म्हणजे धडधडतं ते नव्हे;
उजव्या बरगडीखाली गप्प बसतं, ते.

उलानबातरला, चौथ्या मजल्यावर,
डॉक्टर शारवनं बाबांचं काळीज पडद्यावर उघडलं.
राखाडी. आणि आत एक गाठ,
पोरं खेळतात त्या मेंढीच्या घोट्याच्या हाडाएवढी.
"मोठ्या शिरेपासून बोटभर लांब आहे," तो म्हणाला,
चांगली बातमी द्यावी तसं. चांगलीच होती.

बाबांनी चष्मा पुसला.
आयुष्यभरात किती मेंढ्या सोलल्या त्यांनी,
काळीज तळहातावर घेऊन, गरम, तोलून.
"असं निघालं तर आम्ही पुरून टाकतो," ते म्हणाले.
"कुत्र्यालाही घालत नाही."
शारव काही बोलला नाही. तोही आर्खांगाईचाच.

मग सुईची गोष्ट निघाली.
शाळेच्या अंगणात रांग, काचेची एकच सिरिंज,
पोरं तीस.
कुणाच्या तरी रक्तातून पाहुणा आला असेल तेव्हा
आणि पन्नास वर्षं चुलीपाशी बसून राहिला,
न बोलता.
बाबांना आठवली ती नंतर मिळालेली खडीसाखर.

मांडीतून नळी जाईल, दोऱ्याएवढी,
वळत वळत वर,
गाठीला पाजणाऱ्या ओढ्यावर औषधाचा बांध घालायला.
गाठ वाळते. कधी कधी
दुसरा ओढा शोधते.
"नाहीतर नव्या काळजाचा तुकडा. घरच्यांपैकी कुणाचा.
देणाऱ्याचं पुन्हा वाढतं."

तो पुढचं बोलायच्या आत
मी बाही वर केली होती.

गुरुवारी कागद आला.
माझ्याही रक्तात तोच पाहुणा.
आईकडून, वस्तऱ्यातून, दातांच्या दवाखान्यातून,
कुठून, ते कागदावर नसतं.
"एकाच काळजाची," बाबा म्हणाले आणि हसले,
आणि मग जिन्याच्या कठड्याला धरून
बराच वेळ उभे राहिले.

आता रात्री नऊला मी गोळी घेते.
तेही घेतात, सहाशे किलोमीटरवर,
कुत्री भुंकत असतात फोनमध्ये.
बांध दोनदा घालून झाला.
पट्ट्याला त्यांनी दोन भोकं नवी पाडलीत.

काल पांढऱ्या महिन्यासाठी मेंढी कापली.
"काळीज स्वच्छ निघालं गं," ते सांगत होते,
"आरशासारखं.
तुझा वाटा बाहेर गारठ्यात टांगलाय.
ये."