ओळ तीनशे दहा

चिप सापडली जेल रोडला,
बंद पडलेल्या एसटीडी बूथच्या बिल-यंत्रात.
इक्बालभाई म्हणाला, "अंकल, इसका तो अब भंगारवाला भी कुछ नहीं देता,"
आणि चाळीस रुपये घेतले.

वीस वर्षं हिने पल्स मोजले:
भोपाळ, नागपूर, बाळंतपण, मयत.
कोण रडलं ते न ऐकता
किती वेळ रडलं तेवढं छापलं.
मीही टेलिफोन एक्सचेंजमधून मुदतीआधी घरी बसलेला,
आमची ओळख पटायला वेळ लागला नाही.

पडदा गाडीचा, रिव्हर्स घेताना लागतो तो,
साडेचार इंच.
मागे पाहण्यासाठीच बनलेला, मला दुसरा कशाला हवा होता?
बॅटरी भाचीच्या लॅपटॉपची, सहांतले चार सेल जिवंत.
खोक्याला ॲक्रिलिक एका दंतवैद्याच्या फसलेल्या पाटीचं,
झाकण उघडलं की आतून अजून "दंत" दिसतं, उलटं.
चाळीस बटणं, रबर जुन्या रिमोटांचं,
अक्षरं भाचीनेच नेलपॉलिशने काढली,
क्यूची शेपटी विसरली,
त्यामुळे माझ्याकडे ओ दोन आहेत.

तीन आठवडे पडद्यावर नुसत्या मुंग्या.
पत्त्याच्या सोळा तारा, त्यातली अकरावी
डागाखाली सुटलेली.
घरनंबर बरोबर आणि गल्ली चुकलेली,
अशा पोस्टमनसारखी चिप फिरत होती बिचारी.
भिंगातून दिसलं रात्री पावणेदोनला.
राळेचा धूर डोळ्यांत गेला,
मग कोपऱ्यात काळा चौकोन लुकलुकला
आणि लुकलुकतच राहिला.
मी चहा ठेवला, आपल्यापुरता.

कॅसेट शिरीष रेशीमवालेची.
त्याच्या बायकोने दिली, तेराव्यानंतर आवरताना.
सत्त्याऐंशी साल, बाजू ब,
त्याचंच अक्षर: "राजवाडा, सात मजले. हात लावू नये."
कॉलेजात एकच यंत्र तेव्हा,
आठवड्याला अर्धा तास, चपला बाहेर काढून.
रेघा त्याच्या, बेरजा माझ्या.

टेप किंचाळली.
पडद्यावर खालून वर येऊ लागला
दरवाजा, त्यावरचा सज्जा,
दुसरा, तिसरा,
चौथ्याची शेवटची खिडकी,
आणि थांबलं.
चूक, ओळ तीनशे दहा.

तीच कॅसेट मग साध्या प्लेअरमध्ये घातली.
कर्कश, कर्कश,
आणि मधेच तीन सेकंद शिरीष,
अठरा वर्षांचा, वैतागलेला:
"अरे, लाल बटण तू दाबलंस का रे?"
पुन्हा कर्कश.

चिपचं काही चुकलं नाही.
माणसाचा आवाज तिला आधीही कळत नव्हता,
तेव्हा निदान बिल तरी यायचं.

रविवारी यंत्र डब्याच्या पिशवीत घातलं,
राजवाड्यासमोर बागेच्या कठड्यावर बसलो.
पोहे खाणाऱ्यांची गर्दी डावीकडे सोडून
खिडक्या मोजल्या, हाताने,
आणि टाइप करत गेलो, पाचवा, मग सहावा,
अंगठ्यांनी, ऊन पडद्यावर येऊ न देता.
शेवेच्या दुकानातला पोरगा मागे येऊन उभा राहिला.
"चाचा, ऊपर से टेढ़ा बन रहा है."
खरं होतं.
खालचे चार सरळ, तिरकं माझं.
त्याने विचारलं, यात गेम आहे का?
नाही म्हटल्यावरही थांबला थोडा वेळ.

सातव्याआधी दिवा लाल झाला.
वजन सव्वा किलो,
चालतं एक तास पन्नास मिनिटं,
पट्ट्याची भोकं पाडायची राहिलीत.

तीनशे दहाव्या ओळीवर रेघ नाही काढली.
तिथे एक टिप्पणी घातली,
यंत्र न वाचता पुढे जातं, तसली:
हो, मीच दाबलं होतं.