नमुना आठ

मुलीकडचे घर पाहायला आले, मुलगीही आली.
चहाचा कप खाली ठेवून तिनं सरळ मलाच विचारलं,
"काका, बाथरूम आत आहे का?"
बाप तिचा खोकला. भोयर गुरुजींनी
चिवड्याची बशी उगाच पुढे सरकवली.
मी म्हणालो, होऊन जाईल.

होऊन जाईल म्हणजे कितीत होईल,
हे त्या रात्री कॅलेंडरच्या पाठीवर निघालं.
खोली दहा बाय बारा, बाथरूम पाच बाय सहा.
गुणवंत मिस्त्री म्हणाला, "हात राखून केलं तरी
तीन लाख चाळीस जी."
रेती धरली नव्हती त्यात.
रेतीचं नाव काढलं की तोही
आधी मागे वळून पाहतो.

पतसंस्थेतला पोरगा चांगला होता.
पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं,
मग म्हणाला, "काका, पगारपत्रक?"
बावीस वर्षं झाली, गावाला पाणी सोडतो मी.
पहाटे पाचला व्हॉल्व्ह फिरवतो,
कोणत्या गल्लीला किती आटे, मनगटाला पाठ आहे.
पगाराचं मात्र असं,
की गावानं कर भरला तर पगार.
हे पत्रकात कुठल्या रकान्यात लिहायचं
ते त्यालाही सांगता येईना.

परसात साग आहे, एकच.
त्याच्या परवानगीचे कागद
त्याच्यापेक्षा जड.

सोनं तारण ठेवता आलं असतं.
ज्योत्स्नानं डबा उघडला,
पोत तळहातावर एकदा जोखली
आणि काही न बोलता गळ्यात घातली.
विषय संपला.
मग भाकरी थापता थापता म्हणाली,
"गटातून साठ हजार भेटते माह्या नावावर.
पण हप्ता चुकला का बाया घरी येते,
अन् बाया आल्या का जात नाही."

उरली बँक. बँकेला घर हवं होतं कागदावर.
नमुना आठ काढला. सचिवानं सही केली,
शिक्का मीच मारला, रोज मारतो तसा.
शाई वाळेपर्यंत फुंकर घालताना वाचलं,
माझ्या नावाखाली दुसरं नाव:
बेबी श्रावण उरकुडे.
अठ्ठावीस वर्षं ती त्या ओळीत उभी होती
आणि आम्ही दर दिवाळीला
तिची साडीवर बोळवण करत होतो.

"ताईची सही आणा," मॅनेजर म्हणाला.
"हक्कसोड. साधी गोष्ट आहे."

बल्लारशाहून आली ती,
हिंगणघाटला उतरून काळीपिवळीनं.
पाणीही न घेता मागे गेली,
चुन्याच्या आखणीत जाऊन उभी राहिली.
"इथंच होती ना आपली न्हाणी?
चार तुराट्या, अन् मायच्या लुगड्याचा आडोसा.
बारावं लागलं तवापासून
अंधार पडाची वाट पाहो मी आंघोळीले.
हिवाळ्यात बरं, लवकर पडे."

मला आठवत नव्हतं.
मी दिवसा विहिरीवर नहायचो.

कागद तिनं पूर्ण वाचला.
आमच्या घरात पूर्ण वाचणारी ती एकटीच.
"सही नाही करत मी."
ज्योत्स्नाचा वरवंटा थांबला.
"नाव राहू दे माह्यं, तिथंच.
भिशी लागली मले, ऐंशी हजार. बाथरूम त्यातून कर.
अन् कडी आतून लाव. लोखंडी. टिनपाट नोको."

बँकेत मी परत गेलो नाही.
साठ गटाचे, ऐंशी तिचे, पोरानं बुटीबोरीहून
ओव्हरटाइमचे धाडले ते,
आणि मिस्त्रीचे अकरा हजार अजून द्यायचे आहेत.
स्लॅब राहिला. वर टिनं आहेत,
मे महिन्यात खोलीत पाय ठेववत नाही.
बाया दर दहा तारखेला येतात,
चहा पिऊन जातातही.
मुलीकडचा निरोप यायचा आहे.

कडी बसली.
काल पाणी सोडून आलो, घरात कोणी नव्हतं.
आत गेलो, कडी लावली,
नळ न सोडता
थोडा वेळ नुसता उभा राहिलो.