काठ्या ठेव, म्हणाली मार्नी

काठ्या ठेव, म्हणाली मार्नी,
आणि पुढं केले तारांचे दोन झाडू,
पाल हाकलायला काढावेत तसे.

सात वर्षं मी ॲक्रनच्या तळघरांतून
ड्रम बडवत होतो. बडवत, हाच शब्द.
दिवसा विद्यापीठात रबराच्या पट्ट्या ताणायच्या,
कुठं तुटतात ते वहीत लिहायचं,
रात्री आमचा बँड: आवाज एवढा
की शब्द कुणाला कळू नयेत,
आणि कळत नव्हते म्हणूनच आवडायचे.

मग फेब्रुवारीत तिचा आजा गेला.
म्हातारा कोगर. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून
टायरच्या कारखान्यात आलेला;
तीन पाळ्यांचे तीन गडी, गादी एकच,
ती कधी गार झाली नाही म्हणे.
दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये
बटाट्याच्या सॅलडशेजारी
आत्यांनी गाणं काढलं. नाकातून,
माइक नाही, लाज नाही.
आणि मार्नी,
जिनं शाळेत असताना घरचा हेल
जिभेवरून खरवडून काढला होता,
उठली आणि वरचा सूर धरला.
तो तिला कुणी शिकवला नव्हता.
मी मागं उभा, हातात कागदी बशी.

मंगळवारी तिनं गिटारचे सगळे पेडल विकले.
एक ठेवला. दाराला अडकण म्हणून.

कॉर्बिन किश म्हणाला, ही नक्कल आहे.
तुझ्या आजीनं गाई तरी राखल्या होत्या का?
नाही, म्हणाली मार्नी. कोंबड्या.
तो गेला. जाताना चांगल्या केबल्या नेल्या.

व्हर्लिन स्टोव्हर आला तो एकाहत्तरचा,
तीस वर्षं फिटर, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.
पेडल स्टील त्यानं गाडीतून
बाळंतिणीला उतरवावं तशी उतरवली,
आणि विचारलं, तुमच्यात सुरात कोण असतं?
कुणी बोललं नाही.
मिरजेत मी सतारमेकरांच्या गल्लीतून शाळेत जायचो,
वाळत टाकलेले भोपळे मोजत.
मींड म्हणजे काय ते तिथं कळलं नाही.
इथं कळलं, ओहायोत,
एका फिटरच्या डाव्या गुडघ्यानं.

झाडूनं मारायचं नसतं.
भाकरी झाल्यावर परातीतलं पीठ
तळव्यानं गोळा करतात, तसं.
मला जमेना. मनगट सारखं उसळायचं.
पोरा, म्हणाला व्हर्लिन,
मी रिटायर झालो. तू अजून पाळीवर आहेस.

केनमोरच्या बारमध्ये पहिला गुरुवार.
जुने चाहते कानात बोळे घालून आले.
दुसऱ्या गाण्याला बोळे काढले,
चौथ्याला कोट घातले.
राहिले अकरा. त्यातली एक व्हर्लिनची बायको, विणत बसलेली.

शेवटी मार्नीनं आमचंच जुनं गाणं घेतलं,
पहिल्या वर्षीचं, ज्यात मी एकदा झांज फोडली होती.
आता ते चालत निघालं,
उतारावरून सायकल हातात धरून जावं तसं.
आणि मला शब्द ऐकू आले.

खालच्या खोलीत एक माणूस आहे,
पहाटे दोनला घरी फोन लावतो,
लाइन खराब, म्हणून ओरडतो एकच शब्द,
मी विचारून घेतला त्याचा अर्थ:
जेवलो. जेवलो.
त्याच्या ओट्यावर पातेलं पालथंच असतं.

सात वर्षं हे गाणं मी वाजवलं होतं.
खच्चून.

माझा हात थांबला. दोन मात्रा गेल्या, तीन.
व्हर्लिननं मान वळवली नाही,
ती जागा भरलीही नाही.
त्याची बायको सुई थांबवून
माझ्याकडं बघत होती.