डावा पंख

खोक्यावर छापलंय, 'फक्त अनुभवी हातांसाठी'.
एइलर्टने ती ओळ अंगठ्याखाली झाकून
मला विमानाचं चित्र दाखवलं.

नोव्हेंबरअखेर सूर्य डोंगरामागे गेला
तेव्हापासून स्वयंपाकघरातलं टेबल माझं नाही.
बार्डुफॉसची दुपार दोनला निळी, तीनला काळी,
आणि दिव्याखाली हा, कपाळावर भिंग चढवून
पंख नि धड यांच्यामधल्या फटीशी भांडत.
साचा जुना. नाक वाकडं.
पंखाचं टोक बसवावं तर बूड उचलतं,
बूड दाबावं तर टोक वर.
लांबी भरली, घासली, पुन्हा भरली.
इंजिनाच्या तोंडात आत, जिथे कुणाची नजर पोचणार नाही,
तिथेही त्याने तीन रात्री घातल्या.
चाकाची दांडी चिमट्यातून उडाली, ती चार दिवसांनी
माझ्या लोकरी मोज्यात निघाली.

मग रंग. आधी हिरवा नि करडा,
इंग्लंडहून पाहुणी विमानं यायची तशी,
आमच्या बर्फात दुधातल्या माशीसारखी.
त्यावर माझा हेअर स्प्रे.
(विचारलं नाही. डबा हलका लागला तेव्हा कळलं.)
त्यावर पांढरा.
आणि मग ओल्या ब्रशने तोच पांढरा खरवडायचा,
म्हणजे वापरलेला दिसतो, असं तो म्हणतो.

पाच आठवडे.
मग हाक मारली. बघ, म्हणाला.

बघितलं.

ब्याऐंशीचा फेब्रुवारी, उणे सव्वीस,
हँगरचं दार अर्धं उघडं, कारण वास डोक्यात जायचा.
एका रात्रीत सहा विमानं.
रंगाच्या बादल्या गरम पाण्यात उभ्या
आणि ब्रश कसले, लांब दांड्याचे झाडूच.
सार्जंट म्हणाला, सुबक नको, लवकर हवं,
चुना विमानाला नाही, वरून बघणाऱ्याला लावायचाय.
मी एकोणीस वर्षांची, गणवेश एक माप मोठा.
उजव्या पंखावर स्टाइनार,
नाकाशी एक इंग्रज पोरगा,
डाव्या पंखावर मी.
एइलर्ट तेव्हा धावपट्टीवरचा बर्फ ढकलत होता;
ही विमानं त्याने पाहिली
ती नांगरगाडीच्या काचेतून, वायपरच्या दोन फेऱ्यांमध्ये.

डावा पंख चुकलाय, मी म्हणाले.

त्याने फोटो काढले, पुस्तक काढलं, भिंग खाली ओढलं.
फोटोत उजवीच बाजू होती.
फटकारे उलट कललेले हवेत, म्हटलं.
का?
मी डावखुरी आहे, एइलर्ट.
चौतीस वर्षं समोर बसून जेवतोस.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग कोमट पाण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

पांढरा सुटून आला, सहज.
एप्रिलमध्ये आम्ही तो पाइपने धुवायचो,
गटारातून दूध वाहायचं दिवसभर
आणि खालून हिरवा निघायचा, झोपेतून उठवल्यासारखा.
त्याचे नऊ दिवस वाटीत गढूळ झाले.
त्याने पाहिलं नाही. चहा ठेवायला उठला.

मला अकरा मिनिटं लागली.
कडेला एक थेंब ओघळून सुकला.
तो घासायला पट्टी शोधू लागला, मी म्हटलं राहू दे,
त्या रात्रीही ओघळला होता.
गुण कापतील, म्हणाला. ट्रॉम्सोचे परीक्षक कडक आहेत.
कापू देत.

आणि नाक? त्याने विचारलं.
त्या पोराचं नाव काही मला आठवेना.
नावच विचारलं नव्हतं बहुधा.
एवढंच सांगितलं की फटकारे आखूड होते,
दर थोड्या वेळाने झाडू खाली ठेवून
बोटं काखेत घालायचा.

किती आखूड?

मी मिठाच्या चमच्यावर नखाने माप दाखवलं.
एइलर्टने खिडकी उघडली, सताड,
गार वारा टेबलावरच्या कागदांत शिरला,
आणि तो ब्रश घेऊन बोटं बधिर व्हायची वाट बघत बसला.