येळवशीचं तिकीट

सकाळी सातची लातूर–लामजना.
गंजगोलाईत एकही शटर वर नाही.
चहावाला नाही, त्याचं कुत्रंही नाही.
तेही कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून
शेताला गेलं असेल.

चौथ्या सीटवर एक पोरगा, परगावचा, गळ्यात कॅमेरा.
"येळवस जिथं असते, तिथलं एक द्या."
आठ वर्षं झाली मला या रूटवर,
असलं तिकीट कुणी मागितलं नव्हतं.
म्हटलं, दादा, देऊळ नाही, रथ नाही,
उभं राहायला साधी रांग नाही.
अख्खा जिल्हा घरातून उठतो
आणि काळ्या रानात जाऊन बसतो.
कुठं उतरवू तुला?

कुठंही, म्हणाला.

औशाला सोजरबाई चढली.
डोक्यावर बिंदगी, चुना-काव लावलेली,
तोंडावर फडकं, फडक्यावर ज्वारीचं हिरवं पान.
वाटेत टेकवायची नसते म्हणे.
सगळ्या सीटा रिकाम्या आणि ही उभी,
एका हातात दांडा, एका हातात आंबील.
खाजाभाईंनी गाडी अशी चालवली
जशी लेकीला बाळंतपणाहून आणताना चालवली असेल.
तरी गतिरोधकाला चमचाभर सांडलीच,
माझ्या पैशाच्या बॅगेवर.
ताक, लसूण, रात्रभर आंबलेलं पीठ.
वास महिनाभर जात नाही.
मी धूतही नाही.

"तू कोनाच्या शेतात जेवतीस, बाय?"

हा प्रश्न मला लहानपणापासून ओळखतो.
आमचं रान नव्हतं, वडलांचं शिलाई मशीन होतं.
येळवशीला आम्ही तिघं भावंडं
भांग पाडून दारात उभे.
हाक यायची. दरवर्षी वेगळ्या तोंडातून, पण यायची.
बिनरानाच्या माणसाला सोडून जेवलं
तर भज्जी अळणी लागते, आई सांगायची.
तरी हाक येईपर्यंतचा तो अर्धा तास
अजून माझ्या पोटात आहे.

"ड्युटी आहे, मावशी."
"मंग गाडी थांबीव की."

लामजन्याच्या अलीकडे, थांबा नसलेल्या जागी
थांबवली. पाच मिनिटं.
बांधावरून आत, कडब्याची खोप,
खोपीत पाच पांडव, चुन्यानं पांढरे पाच दगड.
पोरानं कॅमेरा उचलला.
सोजरबाई म्हणाली,
"ह्यो मधला उंबऱ्यापाशी घावला, भूकंपात.
ह्यो चुलीमागला.
घर गेलं, गाव तिकडं हललं.
शेत काय हललं न्हाई."
उरलेल्या तिघांचं तिनं सांगितलं नाही.
त्यानं फोटो काढला की नाही, मी पाहिलं नाही.
मी भज्जीत पाहत होते:
वाल, तुरीचे दाणे, हरभऱ्याचा पाला,
एक बोर, चुकून पडल्यासारखं.

तिचा नातू वैजनाथ तांब्या घेऊन
ज्वारीतून पळत सुटला, आंबील शिंपडत:
ओलगे ओलगे, सालम पोलगे!
"याचा अर्थ काय?" पोरानं विचारलं.
कुणालाच सांगता येईना.
"कानडी असंल," सोजरबाई म्हणाली,
"पिकाला कळतंय."

खाजाभाई दोन तांबे प्यायले, स्टिअरिंगवर बसूनच.
मी उभ्यानं एक उंडा खाल्ला, भज्जी तळहातावर घेऊन.
हात पुसले ते खाकीलाच.
पोरगा तिथंच राहिला.

परतीच्या फेरीला अंधार. अवसेचा, पुरा.
दोन्ही अंगांच्या रानात हेंडगे पेटलेले,
माणसं दिसत नव्हती,
नुसता जाळ पिकाभोवती चालत होता.
खाजाभाईंनी गाडी हळू केली,
आपल्याला कुणी विचारलं नाही तरी
हळू करायची असते अशी.

हात दिसला. तोच पोरगा.
अंगाला धूर, कॅमेरा बॅगेत,
हातात फडक्याचं गाठोडं.
"लातूर एक."
"कुठून?"
तो मागं, अंधाराकडं बघत राहिला.
"सोजरबाईंच्या शेतापासून."

मशीनमध्ये ते नाव नाही.
मी लामजना दाबलं.
थोडे पैसे जास्तच गेले त्याचे.
तो काही बोलला नाही,
गाठोड्यातलं खात होता.